अक्काला दिलेला अंगठा

माझी अक्का बावन्न वर्षांची होईपर्यंत अंगठेबहाद्दर होती आणि मी ते वर्षानुवर्षं लपवलं. आता सांगून टाकते. खरं लपवण्यासारखं जे होतं ते नंतर घडलं, आणि त्यातला अंगठा तिचा नव्हता, माझा होता.

आई-वडील गेले तेव्हा अक्का चौदा वर्षांची होती, मी चार. त्याच महिन्यात ती कोपऱ्यावरच्या लाँड्रीत इस्त्रीला उभी राहिली. उभी राहिली ती जवळजवळ चाळीस वर्षं उभीच होती. टेबल उंच पडायचं म्हणून मालकाने पायाखाली एक खोकं दिलं होतं, आणि त्या टेबलाखाली, खोक्याशेजारी, मी शाळेत जायच्या वयाची होईपर्यंत वाढले. वरून वाफेचा सुस्कारा यायचा, मध्येच अक्काचा हात खाली येऊन मी जागेवर आहे की नाही ते चाचपून जायचा.

तिची कामाची पद्धत ठरलेली. कॉलर आधी आतून, मग खांदे, मग बाह्या, पाठ सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात सावकाश. मी म्हणायचे, “अगं, पाठ कोण बघतंय?” ती म्हणायची, “रांगेत मागे उभा असलेला माणूस दुसरं काय बघणार?” असं बोलणं. तोंडाने फटकळ, नाकावर राग, पण गिऱ्हाइकाचं बटण तुटलेलं दिसलं तर न सांगता शिवून टाकणारी.

मला तिने शाळेत घातलं. स्वतःला घालायला कुणी नव्हतं. प्रगतिपुस्तकावर पालकांची सही लागायची, तिथे अक्का लाँड्रीच्या शिक्क्याची निळी शाई बोटाला लावून अंगठा उमटवायची. वर्गातल्या मुली बघायच्या आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एकदा मी तिला म्हटलं, “अक्का, नुसती एक वेडीवाकडी रेघोटी ओढ ना, सहीसारखी दिसेल.”

“खोटी सही? जीभ हासडून हातात देईन,” ती म्हणाली. “अंगठा म्हणजे मी. उद्या कुणी विचारलं तर मी तिथे उभी पाहिजे.”

हे तिचं नुसतं बोलणं नव्हतं. कुठल्याही कागदावर अंगठा लावायच्या आधी ती तो दोनदा वाचून घ्यायची, तोही दोन वेगवेगळ्या माणसांकडून. आणि एकदा लावला की विषय संपला. एका बँडवाल्याचे चोवीस कोट रविवारपर्यंत द्यायचे म्हणून तिने पावतीवर अंगठा दिला होता. शुक्रवारी तिला ताप भरला. मालक स्वतः म्हणाला की राहू दे, मी सांगतो त्याला. अक्का डोक्याला ओला टॉवेल गुंडाळून उभी राहिली आणि चोवीस कोट पुरे केले. मी रडत होते. ती म्हणाली, “रडू नकोस, कपड्यांवर पाणी उडतंय.”

मी शिकले, नोकरीला लागले, लग्न करून शहराच्या दुसऱ्या टोकाला गेले. नोकरी लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत. मी लिफ्ट दुरुस्त करत नाही, तक्रारी घेते. पूर्वी टेबलावर एक फोन आणि एक वही होती. मग सगळं मोबाइलवर आलं. एकेका इमारतीचा एकेक ग्रुप, मेकॅनिक लोकांचा वेगळा, साहेबांचा वेगळा. सगळे मिळून सत्तावीस. साहेबांचा नियम असा की तक्रार आली की दोन मिनिटांत तिला अंगठा पडला पाहिजे. अंगठा पडला म्हणजे पाहिलं. पुढे माणूस कधी जाईल ते जाईल, पण समोरच्याचा आरडाओरडा थांबतो.

मी त्यात पटाईत झाले. नको इतकी. कुठेही लाल ठिपका दिसला की मला चैन पडेना. जेवताना, न्हाणीघरात, रस्ता ओलांडताना, कुणी माझ्याशी बोलत असताना; ठिपका दिसला की अंगठा, ठिपका गेला की जरा हुश्श, की दुसरा हजर. फोन टेबलावर असायचा तरी मांडीवर थरथरल्यासारखा वाटायचा. नवरा म्हणायचा, “तू फोन बघत नाहीस, माश्या मारतेस.” मी हसायचे. त्याच्याही मेसेजला अंगठाच पडायचा, शेजारी बसलेला असला तरी.

अक्का आधी फोन करायची. लाँड्रीच्या फोनवरून, दुपारच्या सुट्टीत. एकदा नेमकी तीन तक्रारी एकदम आलेल्या असताना तिचा फोन आला आणि मी खेकसले. “अक्का, फोन करत जाऊ नकोस गं! मेसेज टाकत जा. मेसेज टाकलास की मी बघतेच.”

ती म्हणाली, “बरं.”

मेसेज टाक. कुणाला सांगत होते मी? जिने माझ्या प्रगतिपुस्तकाला निळं बोट लावलं तिला. त्या क्षणी ते माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. इतकं माझं डोकं त्या मेल्या फोनात होतं.

लाँड्रीशेजारी एक शिंपीण बसते, अक्काची जुनी मैत्रीण. अक्का तिच्याकडे गेली आणि म्हणाली, “मला लिहायला शिकव. चिंगी म्हणते मेसेज टाक.” चिंगी म्हणजे मी. वयाच्या बावन्नाव्या वर्षी ती शिंपिणीच्या खडूने इस्त्रीच्या टेबलावरच्या चादरीवर अक्षरं गिरवायला लागली. गिऱ्हाईक आलं की फडक्याने पुसायची. आठ महिने लागले. मला पत्ता नाही. माझा एक जुना, कोपऱ्यात तडकलेला मोबाइल तिने सहज म्हणून मागून नेला होता. मला वाटलं, गाणी ऐकत असेल. त्याचं कुलूप बोटाने उघडायचं होतं, पण तिचा अंगठा त्याला ओळखूच येईना. इतक्या वर्षांच्या इस्त्रीने रेषा पार झिजून गेल्या होत्या. ते तेवढं शिंपिणीने आकड्यांवर करून दिलं.

आणि एका दुपारी मेसेज आला. “चींगी जेवलीस का.”

मी खुर्चीतून उठलेच. डोळ्यांत पाणी आलं, खोटं नाही सांगत. मी त्या मेसेजचा फोटो काढला आणि सगळ्या ग्रुपांत टाकला. माझी बहीण, बावन्नाव्या वर्षी, वगैरे वगैरे. जगभराचे अंगठे, टाळ्या, हार्ट पडले. दिवसभर मी प्रत्येकाचे आभार मानत बसले. अक्काला मात्र उत्तर द्यायचं राहूनच गेलं. संध्याकाळी तिचा ठिपका दिसला, तेव्हा अंगठा टाकला.

पुढच्या रविवारी ती घरी आली. आल्याआल्या फोन माझ्या नाकासमोर धरला. “हा अंगठा कसला गं?”

“म्हणजे वाचलं, कळलं, हो,” मी म्हटलं.

“म्हणजे सहीच की.”

“हो बाई, सहीच.”

अक्का पोट धरून हसली. “कर्म माझं! एवढी शिकवली तुला आणि शेवटी तूही अंगठाच लावलास!” आम्ही तिघंही हसलो, नवरा तर खोकेपर्यंत. मी तेव्हा फोड करून सांगायला हवं होतं की अक्का, हा तुझ्यासारखा अंगठा नाही, याला काही अर्थ नसतो, हा नुसता ठिपका घालवायचा असतो. नाही सांगितलं. खरं म्हणजे मलाच ते माहीत नव्हतं.

त्यानंतर रोज मेसेज. आणि इथे माझी जी काही गंमत झाली ती नीट सांगते, कारण हे असंच होतं. मला खरोखर वाटायला लागलं की आम्ही दोघी रोज बोलतो. सकाळी तिचा मेसेज, माझा अंगठा. दुपारी मेसेज, अंगठा. रविवारी जायचं म्हटलं की वाटायचं, कालच तर बोललोय. पूर्वी महिन्यातून दोन रविवार व्हायचे, मग एक झाला, मग तीन महिने एकही नाही. मला तिची आठवण येत नव्हती असं नाही. आठवण यायला माणूस दूर आहे असं वाटावं लागतं, आणि ती तर खिशात होती. मी सुखात होते हो. माझ्या फोनवर तिचा एकही ठिपका शिल्लक नव्हता.

तो सोमवार. सकाळचे सव्वाअकरा. एका कचेरीची लिफ्ट चौथ्या आणि पाचव्या मजल्यामध्ये अडकली, आत सहा माणसं, त्यातल्या एकाला घाबरून चक्कर आलेली. बाहेरचे तीस जण एकाच वेळी मला मेसेज टाकत होते. मेकॅनिक वाटेत, साहेब ओरडतायत. ठिपक्यांचा नुसता पाऊस. त्यात अक्काचा मेसेज आला. लांबलचक होता एवढं कळलं. अंगठा टाकला आणि पुढचा उघडला. सहाही माणसं पंचवीस मिनिटांत सुखरूप बाहेर निघाली. साहेबांनी माझं कौतुक केलं.

अक्काने लिहिलं होतं:

“चींगी. ऊद्या मंगळवार. सकाळी आठ वाजता मोठ्या दवाखान्यात माझी नळी ऊघडणार. रूदयाची. आत स्टेंट घालणार. डॉक्टर म्हणाले घरचं माणूस पाहीजे सही करायला आणि थांबायला. तू येशील का. जमत नसेल तर सांग मी तारीख बदलून घेते. मला भीती वाटते.”

हे शब्द मी पहिल्यांदा वाचले तेव्हा सहा दिवस उलटून गेले होते. तेवढं लिहायला तिला अख्खी सकाळ लागली असणार. मी किती वेळ लावला? मेसेजची आणि माझ्या अंगठ्याची वेळ एकच दिसते, अकरा वाजून अठरा मिनिटं.

मंगळवारी मी नेहमीसारखी कामावर गेले. संध्याकाळी तिचा आणखी एक आला होता. “पूढची तारीख मीळाली. पुढच्या गुरुवारी. तू मनाला लावून घेऊ नको. कामात अडकली असशील.” त्यालाही मी अंगठा दिला. माझ्या या हाताने.

शनिवारी दुपारी एका अनोळखी नंबरवरून फोन येत होता. मी दोनदा कापला आणि तयार वाक्य पाठवलं, कृपया मेसेज करा. तासाभराने शिंपीण स्वतः ऑफिसात येऊन उभी राहिली. गळ्यात मोजायची टेप तशीच लटकत होती. मी कानाला एक फोन आणि हातात दुसरा अशी बसलेले. तिच्याकडे बघून हसले आणि बोट वर केलं, एक मिनिट हं.

ती थांबली. एका मिनिटाची तीन-चार मिनिटं झाली असतील. मी तीन तक्रारींना अंगठे दिले, मेकॅनिकला पत्ता सांगितला, मग वर बघितलं आणि म्हटलं, “अगंबाई, तू इकडे कुठे?”

“फोन खाली ठेव,” ती म्हणाली.

“अगं, पण...”

“ठेव म्हणते ना! अक्का गेली.”

टेबलाशी उभी असतानाच गेली. इस्त्री हातातून सुटली आणि कुणाच्या तरी शर्टाच्या पाठीवर जळत राहिली. वास आला म्हणून शिंपीण धावली. तिने आधी डॉक्टर आणला, मग मला फोन केला, मग परत केला, मग बस पकडून आली. मेसेज का नाही टाकलास असं मी तिला विचारलं. हो, विचारलं मी.

सगळं आटोपल्यावर, रविवारी, मी लाँड्रीच्या मागच्या तिच्या खोलीत बसले आणि तिचा फोन हातात घेतला. माझ्याच फोनवर तेच सगळं होतं, पण मला तिच्या बाजूने बघायचं होतं. तीनशेच्या वर मेसेज. सगळ्यांखाली माझे अंगठे, ओळीने, एकसारखे. शब्द म्हणावेत असे दहासुद्धा नव्हते; “हो”, “बघते”, “नंतर”.

मी पहिल्यापासून वाचत गेले. “आज एका शर्टाच्या खीशात लहान मूलाचा दात सापडला. पूडीत बांधून दीला.” अंगठा. “तूला आठवतं का तू टेबलाखाली झोपायचीस आणि मी वरून पाणी शींपडलं की हसायचीस.” अंगठा. “जीना चढताना दम लागतो. मधे थांबावं लागतं.” अंगठा. “आज डॉक्टरला दाखवलं. मोठ्या दवाखान्यात जा म्हणाले.” त्यालाही अंगठा. त्या डॉक्टरच्या मेसेजखाली तिने लगेच लिहिलं होतं, “तू वाचलंस बरं वाटलं.”

मी वाचलं नव्हतं गं अक्का. मी काहीच वाचलं नव्हतं.

किंचाळावंसं वाटलं, पण पलीकडे शिंपिणीचं मशीन चालू होतं, म्हणून तोंडात ओढणी कोंबली. नवरा न्यायला आला तेव्हा मी म्हटलं, “तिला निदान सांगायला हवं होतं की जमत नाही. तेवढं लिहिलं असतं तरी तिने शिंपिणीला नेलं असतं.” तो म्हणाला, “तुला जमलं नसतं का?” मी म्हटलं, “जमलं असतं रे. एका पायावर गेले असते.” मग तोही रडायला लागला.

गुरुवारी मी मोठ्या दवाखान्यात गेले. कुणी सांगितलं नव्हतं. तिची तारीख कुणी रद्द केली नव्हती, आणि माझ्याच्याने होत नव्हती. साडेसातला पोहोचले. फोन घरीच ठेवला होता. त्या मजल्यावर लांब बाकडं आहे, पाठ टेकायला भिंत, समोर दोन झडपांचं दार. प्रत्येक पेशंटजवळ घरचं एक माणूस. कुणी पिशवी धरलेलं, कुणी हात धरलेला. मी शेवटच्या जागेवर बसले.

सव्वाआठला दार उघडून एक नर्स यादी घेऊन आली आणि तिने अक्काचं नाव पुकारलं. कागदावरचं, पूर्ण. ते नाव मीसुद्धा कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

मी उभी राहिले.

“नातेवाईक?”

“हो. बहीण.”

नर्सने यादी खाली केली आणि मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “तुम्हीच का त्या? आलात का एकदाच्या? अहो बाई, गेल्या मंगळवारी ती माउली सकाळी सातपासून या बाकड्यावर बसून होती. मी तीनदा म्हटलं, लावा बहिणीला फोन. तर म्हणे, नको, ती कामात असते, येते म्हणून तिने सही दिलीय. मला फोन उघडून दाखवला तुमचा अंगठा. मी म्हटलं, अहो, असे अंगठे लोक उठल्याबसल्या टाकतात. तर माझ्यावरच भडकल्या. माझी बहीण तसली नाही म्हणाल्या. चहाला उठल्या नाहीत, का तर तुम्ही आलात आणि त्या दिसल्या नाहीत तर तुम्ही घाबराल. एक वाजता त्यांचा नंबर दुसऱ्याला द्यावा लागला. माझा नाइलाज होता. जाताना मलाच म्हणतात कशा, काहीतरी मोठंच कारण असणार हो, नाहीतर ती आली नसती असं होणारच नाही.”

तिने पाटीवरचा कागद माझ्यापुढे धरला. “घ्या, वाचा आणि इथे सही करा. रोज तारखा मिळत नाहीत.”

मी कागद वाचला. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, मग परत एकदा. मग पेन घेतलं आणि माझं पूर्ण नाव लिहिलं.

“चला, आणा त्यांना आत,” नर्स म्हणाली. “कुठे आहेत?”

“ती शनिवारी गेली,” मी म्हटलं.

नर्सने कागदाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. आवाज एकदम खाली आला. “अहो, मग सही कशाला केलीत?”

“तिने विचारलं होतं,” मी म्हटलं, “येशील का म्हणून.”